मानेतला उजेड

सुई टोचल्यावर तासभर बोलायचं नाही, हलायचं नाही, हा माझा नियम. बावीस वर्षं मी हे स्कॅन काढतोय. शिरेतून किरणोत्सारी साखर सोडायची. शरीरात ती जिथे जास्त खर्च होते, तिथे पडद्यावर उजेड दिसतो. कॅन्सरची गाठ साखरेवर अधाशासारखी तुटून पडते. पण पोरं वळवळली की स्नायूच साखर फस्त करतात आणि सगळा विचका होतो.

ही सात वर्षांची मुलगी मात्र गुणी. मी तिला बाईसाहेब म्हणायचो. केमो संपली होती. आज मानेतली गाठ विझलेली दिसली तर सुटका, नाहीतर मानेला रेडिएशन. तिचे बाबा बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले होते.

पडद्यावर मान आली आणि मी डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. दोन्ही बाजू लख्ख.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं. "तिला थंडी वाजत होती का, विचारा बरं."

मी विचारलं. बाईसाहेब म्हणाल्या, "खूप. पांघरूण खाली पडलं होतं."

"मग सांगायचं नाही का गं?"

"तुम्हीच म्हणालात ना काका, बोलायचं नाही."

माझा नियम माझ्याच अंगाशी आला होता. मानेत एक खास चरबी असते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गारठा वाटला की ती साखर जाळून अंग तापवते. हा उजेड तिचाच असावा, पण त्याच्याआड गाठ आहे की नाही ते कळेना. स्कॅन पुन्हा काढायचा ठरला.

मी त्या चित्रासमोरून हललोच नाही. इतकी वर्षं उजेड दिसला की मी रोगच शोधायचो. आणि इथे औषधांनी पिळून निघालेलं एवढंसं शरीर, कुणी न सांगता, स्वतःपुरती शेकोटी पेटवून बसलं होतं.

दोन दिवसांनी एसी बंद केला, दोन पांघरुणं घातली. "काही वाटलं तर खुशाल बोंबलायचं," मी बजावलं आणि काचेपलीकडून नजर ठेवली.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाबांना पडद्यापाशी बोलावलं. मेंदू उजळलेला, तो सगळ्यांचाच असतो. त्याखाली मान अंधारी.

"मला तर इथे काहीच दिसत नाही," बाबा घाबरून म्हणाले.

"तेच दाखवायला बोलावलंय तुम्हाला."

त्यांनी पडद्यावरच्या त्या अंधाऱ्या मानेवरून हळूच बोट फिरवलं. आतून आवाज आला, "काका, मला घाम आलाय."