एका हाताची गाठ

माझा धाकटा भाऊ अजर्या आमच्या गावच्या सभास्थानाचा प्रमुख. त्या शब्बाथला, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विसाव्याच्या दिवशी, तो घरी आला तोच दार आपटत. मी विधवा, त्याच्याच घरी राहते, पण त्याला घाबरत नाही.

"कामाला सहा दिवस आहेत ना? मग त्या दिवसांत या म्हणावं बरं व्हायला," तो माझ्यावर ओरडला. सभास्थानातही तो असाच लोकांवर ओरडला होता. ज्या नाझरेथच्या गुरूने पनिन्नाला बरं केलं, त्याच्याकडे मात्र त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पनिन्ना आमची शेजारीण. कमरेतून अशी वाकलेली, की गावातली माणसं ती पायांवरून ओळखायची. आज ती ताठ उभी राहिली आणि अख्खं सभास्थान आनंदाने वेडं झालं.

"आत्ता गावची वडीलमंडळी येतायत निवाड्याला," अजर्या म्हणाला. "तिला सभास्थानातून काढून टाकणार आहे. शब्बाथ मोडला तिने."

"काय मोडलं रे? नुसती सरळ तर झाली."

"ताई, तू यात पडू नकोस."

"तुझं दुखणं वेगळंच आहे. इतकी वर्षं तू तिच्यासाठी प्रार्थना केलीस, ती वाकलेलीच राहिली. आणि हा परगावचा येतो काय, दोन शब्द बोलून तिच्यावर हात ठेवतो काय, आणि ती उभी राहते काय!"

मला त्याची कीव आली. त्या प्रार्थना त्याने मनापासून केल्या होत्या. मी ऐकल्या आहेत.

गोठ्यात बैल हंबरला. एका हाताने सुटते ती गाठ शब्बाथला सोडायला चालते, असं आमच्यात मानतात. म्हणून आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत अजर्या बैलाला तशीच गाठ मारून ठेवतो, आणि त्या गाठीचा त्याला कोण अभिमान! पण आज सभास्थानातल्या वादात उशीर झाला होता. तहानलेल्या बैलाने दोर ओढून ओढून गाठ पार आवळून टाकली होती.

अजर्याने एका हाताने खटपट केली. नखं लावून पाहिली. शेवटी चरफडत दुसरा हात घातला, गुडघा टेकला आणि गाठ सोडली.

वळून पाहतो तर गोठ्याच्या दारात मी, आणि माझ्यामागे वडीलमंडळी.

"जनावर तहानलेलं होतं," तो म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

"दोन्ही हात लावलेस," मी म्हणाले. "त्या गुरूने पनिन्नावर एकच ठेवला होता."

त्यांच्यातला म्हातारा सादोक दाढीतल्या दाढीत हसला. मग त्याने विचारलं, "बरं, पनिन्नाचं काय करायचं?"

बैल हौदावर पाणी पीत होता. अजर्याचा राग गेला नव्हता. कान अजून लाल होते. दोराने सोललेले तळहात त्याने अंगरख्याला पुसले.

"तिला भिंतीकडे शेवटच्या ओळीत बसवा," तो गुरगुरला. "आता उंच झालीय ती. पुढे बसली तर मागच्यांना काही दिसायचं नाही."