खुर्च्या आल्या तेव्हापासून

मी महिला मंडळाची सतरंजी बोलतेय. समाजमंदिराच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर मला गुंडाळून टाकलंय, तिथूनच बोलतेय. खाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आहेत. त्यांच्याकडे बघून माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. मनात एक आणि ओठांवर एक, असलं मला जमत नाही.

जन्म माझा मागावरचा, पण आयुष्य सुरू झालं ते अहमदपूरच्या बाजारात. कावेरीबाईंनी नुकतंच गावात मंडळ काढलं होतं. दुकानदार त्यांना फुलाफुलांचा गालिचा दाखवत होता. "त्यो बघायला बरा हाय. आमाला बसायला पायजे," असं म्हणून त्यांनी मला उचललं. निळे-तांबडे पट्टे, चांगली जाडजूड होते मी. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतलं, लेकराला घ्यावं तसं. तेव्हापासून मी त्यांना माझंच समजत आले.

दर बुधवारी दुपारी बायका जमायच्या. माझ्यावर बसून त्यांनी गावातली गटारं साफ करायचं ठरवलं आणि करूनही दाखवलं. एकट्यादुकट्या बाळंतिणीकडे पाळीपाळीने भाकरी पोचवल्या. मग पोक्त बायका वाचायला शिकू लागल्या. शिकवायची कावेरीबाईंची सून अंबिका, बारावी झालेली. कावेरीबाईंना एकच ध्यास, एसटीची पाटी स्वतः वाचायची. एकदा लातूरला म्हणून निघाल्या आणि लोह्याला जाऊन उतरल्या होत्या. माझ्यावर कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही, असा मला भारी अभिमान होता.

मग एके दिवशी मंडळातल्या रत्नम्मांचा मुलगा राजशेखर आईला सोडायला आला. लातूरच्या मार्केट यार्डात त्याचं दुकान आहे. "बायांनी खाली कामून बसायचं?" म्हणाला, आणि आठवड्याभरात टेम्पोतून खुर्च्या हजर! कावेरीबाईंचे गुडघे दुखतात. त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अगं माय, लई बरं वाटलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं मी त्यांना बसवलं, आणि बरं वाटलं ते आज? त्या खुर्च्यांना ना वीण ना ऊब. दोन उन्हाळे बाहेर काढले की तडकतील. तरी बायका त्यांना पदराने पुसत होत्या. मला सगळ्यांनी झटकलंच, पदराने कधी कुणी पुसलं नाही.

पण पहिल्याच बुधवारी गंमत झाली. सासवा खुर्च्यांवर बसल्या आणि सुना भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. सासूसमोर खुर्चीत बसायचं कसं?

"बसा की गं," रत्नम्मा म्हणाल्या.

"असू द्या, बरं हाय," म्हणत सगळ्या उभ्याच. पुढच्या बुधवारी निम्म्या सुना आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी एकही नाही, अंबिकासुद्धा नाही. वाचन बंद पडलं. रिकाम्या खुर्च्या बघून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय!

शेवटी कावेरीबाईंनी अंबिकेसह सगळ्या सुनांना घरून बोलावून आणलं आणि म्हणाल्या, "काढा ती सतरंजी." तो क्षण काय सांगू! मी उलगडले, धूळ उडाली, दोघी शिंकल्या. "ये अंबिके. जुनं हुतं तेच बरं. खाली समद्या सारख्या."

अंबिका जागची हलली नाही. खाली बघत म्हणाली, "आत्याबाई, सतरंजीवर आम्ही कवा बसलो?"

"कवा म्हंजी? दर बुधवारी."

"न्हाई. सतरंजीवर तुम्ही. आम्ही मागं फरशीवर. ही कड बघा की."

सगळ्या वाकून बघू लागल्या. मीही पाहिलं. पुढे माझे पट्टे झिजून पांढुरके झालेत, दोरे निघालेत. मागची हातभर कड मात्र बाजारातून आणली तशीच, निळी-तांबडी, कोरी. आजवर मला वाटायचं, तिथला दोराच पक्का निघाला.

कावेरीबाईंनी त्या कोऱ्या कडेवरून हात फिरवला. मग त्यांनी एक खुर्ची ओढली आणि अंबिकेपुढे ठेवली. "बस."

"आधी तुम्ही, आत्याबाई."

"तू बसल्याबिगर म्या न्हाई बसत. बस ना माय, गुडघा लई ठणकून राहिला."

अंबिका टेकली, अगदी टोकावर. मग हळूहळू मागे रेलून बसली. तिच्या मागोमाग बाकीच्या सुनाही बसू लागल्या. मला पुन्हा गुंडाळलं आणि इथे वर टाकलं.

गेल्या बुधवारी अंबिकेने पाटीवर लिहिलेलं 'लातूर' कावेरीबाईंनी एका दमात वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंबिका खुर्चीत बसून हसत होती.

हेवा गेला का म्हणाल, तर नाही, वाढलाय. आधी खुर्चीला कावेरीबाई मिळाल्या म्हणून जळत होते. आता तिला अंबिका मिळाली. ती पोर इतकी वर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होती आणि एकदाही माझ्या वाट्याला आली नाही.

म्हणून बायांनो, एकच मागणं. कधी खुर्च्या कमी पडल्या आणि मला खाली काढलंत, तर अंथरताना माझी कोरी कड पुढे करा. तिच्यावर आधी अंबिकेला बसवा.