आरती साहाच्या वयाची

आरती साहा आणि यमुना एकाच साली जन्मल्या. एक कलकत्त्यात, दुसरी रामाकोन्यात. यमुनेला हे कळलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पारावर उत्तम मास्तर शिळा पेपर मोठ्यानं वाचत बसले होते. आरती साहा नावाच्या पोरीनं इंग्लंडची खाडी पोहून पार केली, आशिया खंडातली पहिली बाई. पहिल्या खेपेला जमलं नव्हतं, तर महिन्याभरानं पुन्हा उतरली.

“किती वर्साची आहे, मास्तर?” यमुनेनं विचारलं.

“एकोणीस. तुह्याच वयाची.”

“अन् ते खाडी आपल्या कन्हानपेक्षा रुंद असन?”

पारावरचे सगळे खो खो हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. “कन्हानसारख्या शंभर नद्या शेजारी शेजारी ठेव, यमुने. तेवढी.”

यमुना पोहायला शिकली होती ती बापाजवळ, विहिरीत. पण भरली कन्हान तिनं कधी पार केली नव्हती. भाऊ जायचे, तिला मनाई होती. मग लग्न झालं, सौंसरला आली, देवीदासबरोबर संत्र्याच्या बगिच्यात कामाला जाऊ लागली. आरती मात्र डोक्यातून गेली नाही. तिला पद्मश्री मिळाली तेव्हा यमुनेच्या मांडीवर तान्हा प्रकाश होता. पुढं तिची काही बातमी आली नाही, म्हणून यमुनाच मनानं तिचा संसार चालवायची. कापूस वेचताना थांबून म्हणायची, “आता तिचीही पोरं शाळेत जात असतीन.” चष्मा लागला त्या दिवशी म्हणाली, “तिलेही लागला असन.” देवीदासला हे इतकं सवयीचं झालं होतं की तो नुसता “हो, असन” म्हणायचा.

कोणाचं भांडं विहिरीत पडलं की सौंसरात यमुनेला बोलावणं यायचं. ती बुडी मारून काढून द्यायची. एवढंच तिचं पोहणं उरलं होतं.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात घरचे सगळे दीक्षाभूमीला जाऊन आले आणि तसेच पुढं यमुनेच्या भावाकडे, वामनकडे, रामाकोन्याला उतरले. प्रकाशची बायको प्रेमलता पांढुर्ण्याची, नवीनच घरात आलेली. सासूबरोबर नदीवर गेली तेव्हा यमुनेनं तिला आरतीची सगळी गोष्ट सांगितली.

“मंग तुमी काऊन नाही गेल्या पल्याड?” प्रेमलतानं सरळ विचारलं.

यमुनेला कोणी अडवणारं आता नव्हतं. बाप जाऊन किती वर्षं झाली होती. मग तिनं चष्मा सुनेच्या हातात दिला, लुगड्याचा काष्टा आवळला आणि उतरली.

अर्ध्यापर्यंत ठीक गेली. तिथं धार लागली. लुगडं पायात गुंडाळलं, दम तुटला, नाकातोंडात पाणी गेलं. कशीबशी वळून ती अलीकडच्या काठाला लागली आणि खोकत वाळूवर पडली. प्रेमलता रडायलाच लागली. तिची हाक ऐकून देवीदास धावत आला.

“नातवंडं खेळवाचं वय अन् करून काय राहिली तू?”

यमुनेनं तोंडावरचं पाणी पुसलं. “आरतीचंही पयल्यांदा हुकलंच होतं.”

देवीदासचा राग तिथल्या तिथं अडखळला. घरी परतताना तो छोट्या लाइनच्या आगगाडीत खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, “पुढच्या महिन्यात पाणी उतरन. पण तुह्यासंग डोंगा पाह्यजे.”

त्या महिन्यात यमुना बगिच्यातल्या विहिरीत रोज पोहली. मालकीणबाई मनकर्णाबाईंनी आधी कपाळाला हात लावला, नंतर विहिरीच्या पायरीवर बसून बघू लागल्या. प्रेमलतानं सासूसाठी देवीदासच्या जुन्या सदऱ्याच्या बाह्या कापल्या, प्रकाशच्या पायजम्याला चांगली घट्ट नाडी घातली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी यमुना पुन्हा कन्हानेत उतरली. वामन डोंगा वल्हवत होता, देवीदास त्यात कोरडं लुगडं मांडीवर घेऊन बसला होता आणि घडीघडी ओरडत होता, “दमली का? दमली का?”

“तुमी चूप बसा ना!”

धारेपाशी आल्यावर ती घाबरली. मग उताणी झाली आणि पाण्यावर नुसती पडून राहिली. वर आभाळ अगदी स्वच्छ होतं. एकोणीस वर्षांची आरती तिच्या डोळ्यांपुढं आलीच नाही. आली ती शेहेचाळीस वर्षांची, केस पिकलेली, जिना चढताना गुडघा धरणारी. यमुनेला एकदम हसू आलं. श्वास जागेवर आला तशी ती पालथी झाली आणि हात मारू लागली.

पलीकडं पायाला वाळू लागली तेव्हा तिथं बकऱ्या चारणारी एक म्हातारी उभी होती. तिनं यमुनेचा अवतार खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

“कोणाकडं आल्या, बाई?”

“कोणाकडंच नाही. पोहत आली.”

“तिकडं पूल हाये ना,” म्हातारी म्हणाली आणि बकऱ्यांमागं निघून गेली.

यमुना वाळूत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. देवीदासनं डोंग्यातून उतरून तिच्या खांद्यावर लुगडं टाकलं आणि शेजारी बसून संत्रं सोलायला घेतलं.

“झाली बरोबरी?” त्यानं विचारलं.

“बरोबरी कायची जी. ते खाडी, हे कन्हान.” यमुनेनं एक फोड तोंडात टाकली. “पण आता भेटली तर बोलाले काही आहे. इचारीन तिले, मधात भेव वाटलं होतं का म्हणून.”

“अन् ते काय म्हणन?”

“म्हणन, वाटलं होतं.”

उन्हानं अंग शेकत दोघं बराच वेळ तशीच बसली. वामन डोंग्यात आडवा झाला होता. संत्रं संपलं, मग दुसरं सोललं. कोणालाच घाई नव्हती. शेवटी वामननं हाक मारली, “बाई, परतही पोहतच येतं का?”

“नाही बाप्पा,” यमुना लुगडं सावरत उठली. “आरतीही जहाजानंच गेली असन.”