पाखाडीवरची भिंत

मिरजोळ्याच्या नव्या सोसायटीत येऊन वर्ष झालं, तरी मालिनीबाईंना शेजारी कोण राहतं ते ठाऊक नव्हतं. लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरायची, गॅलऱ्यांची तोंडं रस्त्याकडे. संगमेश्वरच्या घरी पडवीत बसलं की वाडीतलं येणारं-जाणारं माणूस हाक मारून जाई. इथे नुसती वाहनं. "खाली बाकं आहेत, बसत जा," असं मुलगा सलिल म्हणे. बाकं होती, पण टळटळीत उन्हात.

एका सकाळी त्या मागच्या भिंतीपाशी, फणसाच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. भिंतीपलीकडून एक बाई डोकावली.

"वयनी, नवीन आलाव काय?"

"वर्ष झालं."

"मग कधी दिसलाव न्हाय!"

ती खालच्या वाडीतली कमळा. तिनेच दाखवलं: चिऱ्यांच्या पायऱ्यांची जुनी पाखाडी वाडीतून चढत यायची नि थेट या भिंतीला धडकायची. आता वाडीतल्यांना एसटीसाठी मोठा वळसा पडे.

सोसायटीच्या सभेत मालिनीबाई उठल्या. "भिंतीत एक दार करू या."

"काकू, लोकांनी भिंत बघून फ्लॅट घेतलेत," चेअरमन गुरुप्रसाद म्हणाले. "चोरी झाली तर जबाबदार कोण?"

"दाराशी मी बसेन. नाहीतरी बसतेच."

लोक हसले. मालिनीबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालीने विचारलं, "काकू, शाळा त्याच वाडीत ना? माझी सानवी रोज ट्रकांमधून रस्ता ओलांडते." मग आणखी दोघी-तिघी आया बोलल्या. दार मंजूर झालं.

आधी फक्त कमळाच यायची. मग पोरं दारातून शाळेत जाऊ लागली. कमळा कुळीथ, काकडीसारखी मोठाली तवसं विकायला घेऊन दाराशी टेकू लागली आणि चारी मजल्यांवरच्या बाया तिथे जमू लागल्या. मध्ये एका रात्री कुणाची तरी सायकल चोरीला गेली. गुरुप्रसाद कुलूप घेऊनच आले. मालिनीबाई खुर्ची उचलू लागल्या, त्यांच्यामुळेच दार झालं होतं.

"रात्री लावा की कुलूप," मृणाली म्हणाली, "दिवसा नको." तेच ठरलं.

पुढे सलिलची बदली पुण्याला झाली. "आई, चल. इथे कोण आहे तुझं?"

मालिनीबाईंनी थोडा विचार केला आणि नावं सांगायला सुरुवात केली. त्यातली निम्मी सलिलने कधी ऐकलीच नव्हती. आठवड्याने तो एकटाच गेला.