म्हसोबाच्या दगडाखालचा माणूस

अर्पितानं खुरप्याच्या टोकानं शेंदराचा पापुद्रा उचलला अन् खाली इंग्रजी अक्षर निघालं. डी. मग एच. त्याच्याखाली बारका क्रूस.

"ए भवाने! देवाला खुरपं लावतीस?" आबांनी लांबूनच ढेकूळ भिरकावलं. लागू नये असंच भिरकावलं, पण भिरकावलं.

आबा म्हणजे तिचे आजोबा, बलभीम. वय चौऱ्याहत्तर, गावच्या म्हसोबाचे मानकरी. जत्रेत पहिला नारळ त्यांचा, पहिलं पान त्यांचं. म्हसोबा त्यांच्याच वावराच्या बांधावर, नळदुर्गाच्या रस्त्याला लागून. आता तो रस्ता रुंद व्हायचा होता. मोजणीवाले लाल खुणा मारून गेले होते अन् म्हसोबा खुणेच्या आत सापडला होता. गावानं ठरवलं, शुक्रवारी वाजतगाजत देव उचलायचा, शाळेपाशी नवा कट्टा बांधलाय तिथं बसवायचा, मग जेसीबी चालवायचा.

आज मंगळवार.

"आबा, देवाच्या अंगावर इंग्रजी कोण लिहितंय? ही कबर हाय. तुम्ही दगड उचलून नेताल, अन् खालचा माणूस रोडखाली जाईल."

"दहावीत शाळा सोडली अन् मला इंग्रजी शिकवती!"

ते तिच्या लई जिव्हारी लागलं. शाळा तिनं सोडली होती ती वर्गात एकीच्या कानफटात मारून. ती पोरगी तिला 'गोऱ्याची अवलाद' म्हणली होती. अर्पिताचे डोळे घारे. आबांचेही घारे. सगळ्या गावात दुसऱ्या कुणाचे न्हायत. ओढ्यावरचा दगडी पूल कुण्या साहेबानं बांधला एवढं म्हातारी माणसं सांगायची, अन् पुढं विचारलं की चुना मळत बसायची.

बुधवारी सकाळी ती घरात न सांगता तुळजापूरच्या गाडीत चढली. तिचा भाऊ कुलदीप, त्याच्या लग्नानंतर सगळे देवीला गेले होते, तेव्हा पुजाऱ्यानं वही काढून घराण्याची नावं वाचली होती. पणज्यापर्यंत आला अन् आबा मध्येच म्हणले होते, "बास, गाडी निघंल." तेव्हाच तिला खटकलं होतं. आबांना कधी गाडीची घाई नसती.

पुजारी गोपाळकृष्णकाका ओसरीत चष्मा पुसत बसले होते. तिनं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी लाल फडक्यातून लांबोळी वही सोडली.

"बैस की जरा. अन् पाय हलवू नको, पाट हलतोय."

ती बसली. पाय हलतच राहिला.

"हं. तू अर्पिता. बाप तुझा शिवाजी, आजा बलभीम. त्याचा बाप बंडप्पा. बंडप्पाचा बाप सखाराम."

"अन् सखारामचा?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या आजानं सांगून ठेवलंय, ह्याच्या वरचं मोठ्यानं वाचायचं नाही."

"मग हळू वाचा."

काका हसले. एवढं तोंडाळ गिऱ्हाईक त्यांना बऱ्याच दिवसांनी भेटलं असावं. त्यांनी पान उलटलं. मोडी लिपी होती, मुंग्यांची रांग गेल्यासारखी. बोट ठेवून ते सावकाश वाचायला लागले.

"शके अठराशे दोन. डेनिस हॅनन, पुलाचे कामावरील मिस्त्री. बायको गजराबाई. मुलगा सखाराम, वय एक वर्ष, याचे जावळ काढण्यास आले. डेनिसचे बापाचे नाव कॉर्मक. आजाचे नाव डेनिस."

"आजाचंच नाव नातवाला?"

"आपल्यासारखंच की. पुढं ऐक. मूळ गाव किलरश, परगणा क्लेर, मुलूख ऐर्लंड. आईचे नाव ब्रिजिट. आई व दोन बहिणी बटाट्याचे दुष्काळात वारल्या. तेव्हा वय पाच. कुलदैवत सेनानबाबा, नदीचे बेटावर. गोत्र..." काका थांबले. "इथं जागा सोडलीय. माझ्या खापरपणज्यानं सगळ्यांना विचारतात तसंच ह्यालाही विचारलं असणार. साहेब आहे म्हणून एकही रकाना गाळला नाही त्यानं."

अर्पिताचा पाय कधी थांबला, तिला कळलं नाही. एक माणूस बोटीत बसून इतका लांब येतो, अन् देवीच्या दारात उकिडवा बसून आपल्या मेलेल्या बहिणींची नोंद करायला लावतो. का? पुढं कुणीतरी येऊन विचारंल म्हणूनच ना?

पानाच्या तळाशी देवनागरीत सही होती. आलेल्या माणसानं सही करायची रीत. 'बलभीम बंडप्पा. वरील ऐकले. १९७३.'

"हे... आबांना ठावं होतं?"

"बावीस वर्षांचा होता. ऐकून पांढराफटक पडला होता, म्हणे. माझे वडील सांगायचे."

तिनं पानाचा फोटो काढला. परतीच्या गाडीत जागा असून ती उभीच राहिली.

आबा गोठ्यात वैरण टाकत होते. तिनं दारातूनच चालू केलं. "पन्नास वर्सं! स्वतःच्या पणज्याच्या कबरीला शेंदूर फासून नारळ खाताय तुम्ही!"

आबांनी पेंढी खाली ठेवली. ओरडले न्हायत.

"शेंदूर म्या न्हाय लावला. म्या जन्मायच्या आधीच लागलावता. पटकीची साथ आली, कुणी बाईनं नवस बोलला, तिचं पोरगं वाचलं. झाला म्हसोबा. आन् बांध आमचा म्हणून मान आमचा." त्यांनी तोंड पुसलं. "त्या मानामुळं आपल्याला पंगतीत घेत्यात, पोरी. तुझ्या दोन आत्यांच्या सोयरिकी त्या मानावर झाल्या. मानकऱ्याच्या लेकी म्हणून. गोऱ्याच्या म्हणून कोण नेतं?"

"अन् त्यो रोडखाली गेला तर?"

"गेला तर गेला. दगड येतोय की संगं."

तिनं बादलीला लाथ घातली अन् निघून गेली. गुरुवारी दोघं एकमेकांशी बोलले न्हायत.

शुक्रवारी हलगी वाजायला लागली तेव्हा अर्पिता दगडाला टेकून बसली होती. गुलाल, नारळ, दोरखंड, मागं घुरघुरणारा जेसीबी. आबा नवं धोतर नेसून पुढं उभे.

सरपंच रणधीर वाकला. "ऊठ ताई. मुहूर्त चाललाय."

"आधी खाली खणा. माणूस हाय."

"कोन माणूस?"

"डेनिस हॅनन. माझ्या खापरपणज्याचा बाप. तुळजापूरच्या वहीत नाव हाय."

पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी 'येस मॅडम' म्हणलं. रणधीरनं हात पुढं केला. "बघू की वही."

तिनं फोन उघडला. वरचं मोडी इथं कुणालाच लागणार नव्हतं. सगळ्यांना वाचता येईल अशी एकच ओळ होती, तळातली. ती दाखवली की काम झालं असतं, अन् आबा ह्या गर्दीत, नव्या धोतरात, नागडे झाले असते.

ती आबांकडं बघायला लागली. आबा तिच्या फोनकडं बघत होते.

"दाखव की," रणधीर म्हणला.

जन्मात पहिल्यांदा तिनं जिभेवर आलेलं गिळलं. फोन ओढणीखाली घातला. "न्हाय दाखवत. पर मी उठणार बी न्हाय. चालवा जेसीबी."

"लई झालं हां! ए, धरा रे हिला—"

"हात लावू नगा तिला."

आबांचा आवाज चिरका आला होता. हलगीवाला थांबला.

"पोरगी खरं बोलती. ह्यो देव न्हाय. माझा पणजा हाय. साहेब होता. मला ठावं हाय, त्र्याहत्तर सालापासनं. तिच्या फोनात माझी सही हाय, तिनं दावली न्हाय."

मग मागून एक म्हातारी करवादली, "म्हंजी आमी आजवर कुणाला नारळ फोडले रं, बलभीमा?"

"पूल बांधणाराला. त्याच पुलावरनं बाजाराला जाता की."

"आन् मान?" रणधीरनं विचारलं.

"द्या कुणाला द्यायचा त्याला." आबांनी डोक्यावरचा फेटा सोडला अन् बांधावर ठेवला. माणसं पांगायला लागली. काहीजण जाताना नारळही परत घेऊन गेले. आबांच्या वयाचा एक दोस्त नजर चुकवून गेला, ते अर्पिताला दिसलं, आबांनाही दिसलं.

जेसीबीवाला परगावचा होता. त्यानं मशीन बंद केलं. "दोन वाजेपर्यंत थांबतो, आजोबा. मग माझा मालक मला खाईल. बकेट लावू का?"

"नगं. हाडं मोडतील." आबांनी धोतराचा काचा मारला अन् पहार उचलली. दोन घाव घातल्यावर दम लागला, तसं अर्पितानं पहार त्यांच्या हातून ओढून घेतली.

"न्यायचं कुठं, आबा?"

"आपल्या वावरात. विहिरीच्या अंगाला. तिथनं आता कोण हलवतंय?"

"अन् मंत्र काय म्हणायचा? त्यांचा का आपला?"

"मला काय ठावं, पोरी," आबा म्हणले अन् खड्ड्याच्या कडेला बसून हातानं माती ओढायला लागले. "आधी सापडू दे."