रिकाम्या खुर्चीला लावलेला चार्जर

मी चार्जर बोलतोय. मोबाइलचा नव्हे, त्या चिटुकल्यांत मला गणू नका. मी बॅटरीच्या दुकानातला, लोखंडी पेटीचा, समोर काटा आणि बाहेर दोन चिमटे असलेला. वय झालंय, पण चालू केलं की अजून दमदार घुमतो.

माझं काम सरळ आहे. भिंतीतली वीज भलत्या जोराची आणि सारखी दिशा बदलणारी. माझ्या पोटातला ट्रान्सफॉर्मर तिचा जोर उतरवतो आणि डायोड तिला एकाच दिशेनं सोडतात. रिकामी बॅटरी अधाशासारखी ओढते, तेव्हा काटा चढतो. भरत आली की उतरतो. मात्र थांबायचं कधी, हे मला कळत नाही. चिमटे काढायला माणूसच लागतो.

तो माणूस म्हणजे दुकानाचे मालक, मास्तर. माझ्या शेजारी त्यांनी आणखी दोघं आणून बसवले. एक घाईवाला. तो भराभर भरतो, पण बॅटरी तापवून तिचं आयुष्य खातो. दुसरा शहाणा. तो आधी बॅटरी तपासतो, भरत आली की हात आखडता घेतो आणि शेवटी आपला आपण बंद होतो. तरी मास्तरांचा जीव माझ्यावरच. काम संपलं की माझे चिमटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते आपल्या लाकडी खुर्चीच्या दोन हातांना लावून ठेवायचे.

मास्तर त्याच खुर्चीत गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

दुकान लेकीनं उघडलं. झाडलोट केली, बाबांसारखेच चिमटे खुर्चीला लावले आणि घाईवाल्याचं बटन दाबायला जाऊन माझं दाबलं. लाकडातून वीज जात नाही. काटा जागचा हलायला नको होता. तो थेट टोकाला गेला.

मी घाबरलो. समोर कुणीच नव्हतं आणि कुणीतरी ओढत होतं.

लेक बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा?"

तेव्हापासून तिनं माझं बटन बंद केलेलं नाही. ती खुर्चीसमोर स्टूल टाकून बसते, घरातलं सगळं सांगते. एकदा टेम्पोवाला म्हणाला, "ताई, हा रिकामाच चालू ठेवलाय का?"

"रिकामा नाही, लागलाय," ती म्हणाली. तो आपली बॅटरी उचलून गेला, परत आला नाही.

मध्ये एकदा माझे चिमटे काढून तिनं शहाण्याला जोडून पाहिलं. त्यानं तपासलं, काहीच जोडलेलं नाही असा लाल दिवा लावला आणि गप्प बसला. "याला काय कळतंय," म्हणत तिनं पुन्हा मला लावलं. त्याला नाही म्हणता येतं, मला येत नाही.

काल तिची आई आली. "चल घरी. जेवलीस का काही?"

"काटा बघ ना, आई. बाबा आहेत. भरले की उठतील."

आईनं काटा पाहिला, खुर्ची पाहिली आणि मागे सरकली. "तेच आहेत कशावरून?"

लेक पुन्हा काट्याकडे बघू लागली.

उत्तर माझ्याकडे आहे, पण तोंड नाही. गिऱ्हाइकांची भीती घालवायला मास्तर माझे चिमटे कोरड्या हातांत धरायचे आणि हसून म्हणायचे, "बघा, काही होत नाही." तेव्हा माझा काटा केसभरही हलायचा नाही. माणसाचं अंग एवढं ओढतच नाही. खुर्चीत जे बसलंय ते मास्तर नाहीत. ते माणूसच नाही.

आज सकाळपासून काटा उतरू लागलाय. लेकीला आनंद मावेनासा झालाय. बाबांचा सदरा इस्त्री करून आणलाय, तो मांडीवर घेऊन ती बसलीय. स्टूल इतकं पुढे ओढलंय की तिचे गुडघे खुर्चीला टेकलेत.

पोरी, माझं घुमणं आज वेगळं येतंय, ऐक ना जरा. तुझ्या पाया पडतो. काटा शून्याला टेकायच्या आत ते चिमटे काढ. मला थांबता येत नाही गं.