उत्तर देणारे उंदीर

उंदीर भरदुपारी ठोकाठोक करत नाहीत, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता, आणि त्या घरात तो विचारायची सोय नव्हती.

घर मुळात एकच. दोघा भावांचं बिनसलं, मधोमध भिंत उभी राहिली आणि आई थोरल्याकडे गेली. "त्या बाजूला आता आपलं कुणी नाही," असं धाकट्यानं एकदा जेवता जेवता सांगून टाकलं. त्याच्या बायकोनं मान डोलावली. पलीकडे भांडं पडलं तरी इकडे मान वळत नसे. धाकटी सून रोज सकाळी हात जोडून साऱ्या गल्लीचं भलं मागायची, तेवढं एक घर वगळून.

म्हणून ठकठक सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी वरच पाहिलं. पत्र्याच्या छपराखाली प्लायवूडचं छत होतं, आणि दोन्हींच्या मधली पोकळी म्हणजे उंदरांचं माहेरच.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी नवरा खुर्चीवर चढला आणि झाडूच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकलं. वरून दोनदाच ठोके आले.

"बघ, उत्तर देतात. शिकलेले दिसतात," तो म्हणाला. "एखाद्याला दुकानात हिशेबाला ठेवतो."

तीही पोट धरून हसली. तो विषाच्या गोळ्या घेऊन आला, त्या तिनं गुपचूप टाकून दिल्या. जीव तो जीव. पिंजरा लावला, त्यातला पावाचा तुकडा वाळून कडक झाला. मग एका दिवशी ठोके मंदावले. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग खरडल्यासारखा आवाज. गेली पीडा म्हणून सुस्कारा सोडायचा, तर तिला चैन पडेना. नवरा दुकानात गेल्यावर तिनं सुताराला बोलावलं.

सुतारानं छताची एक फळी काढली आणि विजेरी घेऊन वर शिरला.

"वहिनी, इथं लेंडी नाही, कुरतडलेलं काही नाही. उंदरांनी बनवलं तुम्हाला."

"मग वाजतं काय?"

विजेरी फिरवत तो वाशांवरून पुढे सरकला. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज पार बदलला होता. "वहिनी, तुम्ही वर या."

"मी कशाला? पडले तर हातपाय मोडतील."

"या तुम्ही."

ती चढली. भिंत छतापाशीच थांबली होती. वरची पोकळी दोन्ही घरांची अजून एकच होती. विजेरीच्या उजेडात पलीकडच्या छताला, कोपऱ्यात, एक भोक दिसलं. त्यातून काठीचं टोक वर आलं, पत्र्याला टेकलं आणि घसरत खाली गेलं.

वाशांवरून रांगत ती तिथवर गेली आणि भोकाला डोळा लावला. खाली पलंग, पलंगावर उभी पांढऱ्या केसांची बाई, हातात काठी.

"आई?"

"आलीस का गं धाकटे," सासूबाई म्हणाल्या. आवाज घशातच अडकत होता. "थोरला नि थोरली दोघं कामावर जातात. मागे मी रस्ता चुकले ना, तेव्हापासून बाहेरून कुलूप लावतात. तांब्या सकाळीच कलंडला बघ माझ्या हातून."

"अहो, मग हाक नाही का मारायची? खिडकीतून ओरडायचं!"

"ओरडले असते तर गल्लीनं ऐकलं असतं. थोरल्याची अब्रू गेली असती. म्हणून तुम्हालाच ऐकू जाईल असं ठोकत होते." त्या किंचित हसल्या. "त्या दिवशी त्यानं उलट ठोकलं, तेव्हा इतकं बरं वाटलं. म्हटलं, कळलं माझ्या पोराला."

सुतारानं आपली पाण्याची बाटली पुढे केली. भोकातून ती जाईना, म्हणून तिनं पदराचं टोक चिंब भिजवून भोकातून खाली सोडलं. सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून तोंडात घेतलं. पदराला बसणारी ती ओढ वर तिच्या खांद्यापर्यंत पोचत होती.

"आता जा," खालून आवाज आला. "कुलूप तो आल्यावर काढेल. बोभाटा करू नका."

फोन केल्यावर नवरा धावतच आला. बायकोनं सगळं सांगितलं, ठोक्यांचंही. ते ऐकून तो थोरल्याच्या दारात पायरीवर मटकन बसला. आपला उजवा हात तो परक्याचा असावा तसा बघत राहिला.

"तोडायचं ना?" सुतारानं विचारलं.

"आई नको म्हणतात," ती म्हणाली. "गल्ली बघेल म्हणतात."

नवरा हलला नाही. समोरच्या खिडकीचा पडदा सरकला. तिनं सुताराच्या हातातून हातोडा घेतला.

"बघू दे," ती हळूच म्हणाली आणि घाव घातला. गल्लीत एकेक दार उघडू लागलं.

"जपून गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "नवीन कुलूप आहे त्याचं."

तिनं पदर खोचला आणि दुसरा घाव घातला.